तिच्या नावाची फाईल

लग्नाच्या फोटोत मी हसताना दिसते. ताटात तांदूळ पसरलेले आहेत, नवऱ्याच्या बोटांत अंगठी आहे आणि सासूबाई त्याच्या कानाशी वाकल्या आहेत. सासरी नव्या सुनेचं नाव असं तांदळात लिहितात. ते नाव घरच्यांनी आधीच ठरवलेलं असतं. फोटोत न आलेली गोष्ट अशी, की नाव ऐकून त्याचा हात थांबला. त्यानं आईकडे पाहिलं, आईनं मान हलवली आणि त्यानं लिहिलं. मी तांदळातली अक्षरं वाचत होते. तेवढ्यात एक म्हातारी पाहुणी तोंडाला पदर लावून मागे सरकली. तेव्हा हे नाव कुणाचं आहे ते मला कळलं.

ते त्याच्या पहिल्या बायकोचं होतं.

तो विधुर आहे हे मला ठाऊक होतं. लपवाछपवी नव्हती. तो कॅनडात एका कारखान्यात मशीन चालवायचा. लग्न करून तो परत गेला आणि पहिली चुडाव्याला, सासरच्या घरात, व्हिसाची वाट बघत राहिली. दोन वर्षं थांबली, मग डेंग्यूनं आठ दिवसांत गेली. आमच्या लोकांत जाळत नाहीत, बसवून माती देतात. तिची समाधी घरच्या शेतात, रुळाच्या कडेला आहे. एवढं सगळं मला सोयरिकीतच सांगितलं होतं. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. खासगी शाळेत शिकवत होते आणि लोकांच्या प्रश्नांना कंटाळले होते. मेलेल्या बाईची अडचण ती काय, असं मी माझ्या आईला म्हणाले होते. मला फार शहाणपण होतं तेव्हा.

लग्नानंतर तो महिनाभरात परतला आणि मीही त्याच घरात तशीच वाट बघायला बसले. सासूबाई मला त्या नावानं हाक मारायच्या. पहिले काही दिवस मी मुद्दाम ओ द्यायची नाही. मग वाटलं, जाऊ दे, एवढ्यानं काय बिघडतंय, आणि ओ द्यायला लागले. माळ्यावर एक मरून रंगाची बॅग होती. तिच्यासाठी घेतलेले स्वेटर, मोजे आणि एक जाडजूड कोट, सगळं घडी घालून भरलेलं. सासूबाईंनी एकदा ते उन्हात घातलं आणि मला एक स्वेटर अंगाला लावून बघायला सांगितलं. तो अंगासरसा बसला. सासूबाईंना बरं वाटलं, आणि मला पुढचे दोन दिवस जेवण गेलं नाही.

माझ्या व्हिसाच्या फाईलचं काम नांदेडचा एक एजंट बघत होता. माझा पासपोर्ट, लग्नाचं प्रमाणपत्र, सगळ्यावर माझं माहेरचं नाव आणि आडनाव होतं. एजंटचं म्हणणं होतं, काही बदलू नका, जे आहे ते चालतं. पण घरात कुणाला ते पटेना. सासूबाईंचा हिशेब सरळ होता.

"आडनाव येगळं, गाव येगळं. तो सायब म्हनंल ही ह्याची बायको हाय कशावरून? आडनाव बदलून घे बाई, उगं अडून बसू नको."

मला आडनावाचं विशेष काही नव्हतं. बाईचं आडनाव तसंही पाहुण्यासारखं असतं, आज इथं, उद्या तिथं. नवरा फोनवर म्हणाला, तुला पटेल ते कर. तो नेहमी असंच म्हणतो, आणि त्यामुळे सगळं माझ्याच गळ्यात येतं. शेवटी सासूबाई आणि मी पूर्णेला ई-सेवा केंद्रात गेलो. तिथल्या माणसानं विचारलं, नवीन नाव काय लिहू? मी पर्समध्ये आधार कार्ड शोधत होते. सासूबाईंनी सांगून टाकलं. तांदळात लिहिलेलं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव.

त्यानं छापील कागद माझ्यापुढे ठेवला. मी वाचला. हे मी आजवर नवऱ्यालाही नीट सांगितलेलं नाही, की मी तो वाचला होता. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ते तिचं नाव होतं. ऊन होतं, मागे रांग होती, सासूबाई पदरानं वारा घेत उभ्या होत्या. आता बदला म्हटलं असतं तर घरी जाऊन आठवडाभर अबोला झाला असता. मी सही केली. गेलो होतो आडनाव बदलायला आणि सगळी मीच बदलून आले.

काही आठवड्यांनी गॅझेटमध्ये नाव छापून आलं. एजंटला मी आडनाव बदललं एवढंच कळवलं आणि कागद पाठवून दिला. त्यानं तो न बघताच फाईलला जोडला.

कॅनडाच्या व्हिसा ऑफिसातून पत्र आलं तेव्हा मी शेंगा फोडत बसले होते. फोनवर एजंटचा आवाज बदललेला होता. पत्राचा मतलब असा होता: अर्जदार बाईनं घेतलेलं नवं नाव आणि नवऱ्याच्या मयत पत्नीचं नाव एकच आहे. त्या नावानं याच नवऱ्यानं आधी एक अर्ज केला होता, तो मृत्यूमुळे बंद झाला. त्या बाईचा मृत्यूचा दाखला याच फाईलमध्ये आहे. तर ही बाई कोण, याचा खुलासा मुदतीत करावा.

मी दाखला काढून बघितला. मयताचं नाव या रकान्यात माझं नवं नाव होतं. मी ते बोटानं झाकलं, पुन्हा उघडलं. त्या दिवसापासून मला घरात एकटं बसवेना. कुणी हाक मारली की आधी वाटायचं, ओ कुणी द्यायची? मी घाबरले होते. व्हिसा नाकारला तर याच घरात, याच नावानं मी म्हातारी होणार, आणि मी कधी वेगळी होते याचा एकही कागद उरणार नाही.

एजंट म्हणाला, गॅझेटमध्ये नाव परत फिरवा, आणि हे नाव कसं पडलं त्याचं घरच्या मोठ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र द्या. मोठं माणूस म्हणजे सासूबाईच. परभणीला कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये टायपिंगवाले बसतात, तिथं आम्ही गेलो. टायपिंगवाला चष्मा सावरत म्हणाला, "बोला आजी. पहिली सून मयत झाली, बरोबर?"

सासूबाई पदराचा काठ चाचपू लागल्या. माझ्या ध्यानात आलं की मी या घरात आल्यापासून त्यांनी "ती मेली" असं एकदाही म्हटलं नव्हतं. समाधीवरसुद्धा सासरेच जायचे, त्या कधीच नाहीत.

"आजी, लिहायचं तर सांगावं लागतंय."

"लिवा," त्या म्हणाल्या. "मेली."

मग त्याला कारण पाहिजे होतं, दुसरीला तेच नाव का ठेवलं. माझं मत ठरलेलं होतं: मला कमी लेखण्यासाठी. सासूबाई टायपिंगवाल्याकडे न बघता माझ्याकडे बघून बोलल्या.

"दोन वर्सं रोज इचारायची, आत्या, कागद आला का? तापात बी तेच इचारायली. मातीत बसवली आन पंधरा दिवसांनी कागद आला. तिचा जीव लय अडकला त्यात. मला वाटलं, तू तिचं नाव घिऊन गेलीस म्हंजे तीबी पोचंल."

टायपिंगवाल्यानं की-बोर्डवरची बोटं उचलली. एवढं कसं लिहायचं, असं त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, लिहा, मृत सुनेच्या आठवणीखातर. मला तेव्हा सासूबाईंचा राग यायला हवा होता. आला नाही. मला त्या पहिल्या बाईपुढे माझीच लाज वाटली. तिच्याजवळ तेवढं एक नाव उरलं होतं आणि मी रांगेच्या कंटाळ्यानं सही करून ते उचलून आणलं होतं.

नाव परत फिरवलं, माहेरचं आडनावही तसंच ठेवलं. खुलासा गेला. फॉर्ममध्ये एक रकाना असतो, आजवर वापरलेली इतर नावं. तिथं तिचं नाव खरंखुरं लिहावं लागलं, आणि आता ते तिथून निघणार नाही. व्हिसा आला त्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "त्यात तिचं हाय का कुठं?" मी त्या अर्जाची प्रत काढून ओळ दाखवली. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. मी त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. त्यांनी बोट बराच वेळ उचललं नाही.

हैदराबादला जाणारी गाडी पूर्णेहून दुपारी होती. मला विमानतळावर सोडायला भाऊ बरोबर होता. माळ्यावरची ती मरून रंगाची बॅग मीच घेतली, त्यातला कोटही. सासूबाई फलाटावर उभ्या होत्या, कपाळाला विभूती लावून. गाडी हलली तेव्हा मी बॅग सीटखाली सरकवत होते. बाहेर कुणीतरी कुणालातरी हाका मारत होतं. दोनदा, तीनदा. फलाटावर असतंच तसं.

चुडावा आला. ती गाडी तिथं थांबत नाही. मी खिडकीशी सरकले, कारण शेत एवढ्यात येणार होतं. भाऊ म्हणाला, "तायडे, सासूबाई एवढ्या हाका मारायल्या व्हत्या, तू मान वर बी केली न्हाईस."

"कुणाला मारत होत्या?"

"कुणाला म्हंजे? तुलाच की. तुझंच नाव घ्यायल्या व्हत्या, माहेरचं."

मी त्याच्याकडे बघत राहिले. खिडकीतून समाधी मागे गेली तीही माझी बघायची राहिली.