रायफलीचा धक्का

बंदुका दुरुस्तीच्या दुकानात लोखंडाचा कीस रोज झाडून टाकता येतो. गोष्टी मात्र साचत जातात. सत्तरच्या दशकात सदरमधल्या अशाच एका दुकानात मी उस्ताद बळीरामजींच्या हाताखाली होतो. जुनी मंडळी भेटली, की अजूनही एकेक निघतेच!

*

एक इंजिनियर साहेब आले. "रायफल फार जड आहे, मागचा लाकडी दस्ता तासून हलकी करा."

उस्ताद म्हणाले, "साहेब, वजन धक्का पिऊन टाकते. ते काढलं तर सगळा तुमच्या खांद्यावर येईन."

साहेब कसले ऐकतात! दिली तासून. दुसऱ्याच दिवशी हात गळ्यात बांधून हजर. "वजन परत घाला!"

*

परत घालायचं म्हणजे दस्ता पोखरून आत शिसं ओतायचं. एका रिटायर्ड रेंजर साहेबांच्या रायफलीत उस्तादांनी स्वतः ओतलं होतं. म्हातारा खूष, "आता धक्का लागतच नाही!" काही वर्षांनी लाकडाला चीर गेली म्हणून मी दस्ता उघडला. आत शिसं नव्हतंच! स्क्रू आमचे, लाखेचा शिक्काही आमचाच, तसाच शाबूत.

उस्तादांनी गुपचूप झाकण लावलं. "त्याले सांगू नको. सांगितलं तर उद्यापासून लागन."

मी हसलो खरा. पण ते रिकामं भोक आठवलं, की आजही अंगावर काटा येतो.

*

आणि उमरेडकडचा गजानन. बाप वारला, रायफल याच्या नावावर आली. शेत जंगलाला लागून, रानडुकरं तूर फस्त करत होती आणि याला दुसरी गोळी झाडवत नव्हती. खांदा काळानिळा! "विकून टाका जी. यंदाचं पीक गेलं तरी चालन, पण हे नको." नवऱ्याची रायफल विकू नये म्हणून म्हातारी आईही सोबत आली होती.

रायफल चांगली जड, काट्यावर घालून पाहिली. वाडीपलीकडच्या नेमबाजीच्या रेंजवर नेली. उस्तादांनी झाडली, वजनाच्या मानानं धक्का बेताचाच. गजाननानं झाडली आणि तो चार पावलं मागे जाऊन पडला. पुन्हा झाडली, पुन्हा तेच! उस्तादांचा चेहरा उतरला.

"आण इकडे," म्हातारी म्हणाली. आयुष्यात बंदूक न धरलेली बाई. उस्तादांनी दस्ता तिच्या खांद्याला नीट लावून दिला. गोळी सुटली. तिचा पदरसुद्धा हलला नाही.

तिनं रायफल हळूच खाली ठेवली, नळीवरून हात फिरवला आणि लेकाकडे पाहिलं.

"तुलेच मारे गा तुहा बाप. माह्यावर कधी हात नाही उचलला."