वरातीच्या चालीचा कार्बोरेटर

परवा आळेफाट्याला एक वरात आडवी आली. नवरा-नवरी नव्याकोऱ्या गाडीच्या उघड्या छतातून अर्धे बाहेर, आणि मागून हातगाडीवर ढकलत आणलेला रोषणाईचा जनरेटर. त्यातून अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा उग्र, किंचित गोडसर वास आला, आणि लोकांना मोगऱ्याच्या वासानं जसं काहीबाही आठवतं तसा मला माझा एक जुना पाणउतारा आठवला.

राजुरीच्या आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, तेही मेकॅनिकल इंजिनियरिंगचं. हे नम्रपणे सांगायला हवं, पण ते मला जमत नाही. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तर कधीच जमलं नाही. त्यांची गोल पाठीची एक जुनी पांढरी मोटार होती. हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर झिजून आणि ते मिश्रण सिलिंडरांपर्यंत पोचवणाऱ्या नळ्यांच्या जाळीला, म्हणजे मॅनिफोल्डला, तडा जाऊन ती गोठ्याशेजारी कितीतरी वर्षं म्हशींच्या संगतीत रवंथ करत उभी होती. भावाचं लग्न ठरलं तसं आण्णांनी गावभर सांगून टाकलं की वरात याच मोटारीतून निघणार, आणि इंजिन आमची बाई उभं करणार. म्हणजे भावाबरोबर माझ्या डिग्रीचीही वरात निघणार होती. गाडी मधेच बंद पडली तर ‘शिकून काय दिवं लावलं’ हे वाक्य गावात तयारच होतं.

मी दोन पानं गणितं मांडली. इंजिन पूर्ण वेगात किती हवा ओढेल, तिच्यात किती पेट्रोल मिसळावं लागेल, सगळं काढलं आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून दोन घशांचा, म्हणजे हवा ओढायला दोन तोंडं असलेला, दांडगा कार्बोरेटर आणला. त्याच्या जोडीला तसाच ऐसपैस मॅनिफोल्ड. ॲल्युमिनियमचं ते चकचकीत धूड मांडीवर घेऊन एसटीत बसले तेव्हा मला बाळंतपणाहून परतल्यासारखं वाटत होतं.

जुन्नरचे एक म्हातारे मिस्त्री आण्णांचे जुने दोस्त. सगळे त्यांना चाचा म्हणत. गाडी ओढत त्यांच्या गॅरेजात नेली. त्यांनी माझं बाळ निरखून पाहिलं, मग ढिगाऱ्यातून एका घशाचा लहानसा कार्बोरेटर आणि अरुंद नळ्यांचा काळपट मॅनिफोल्ड काढून शेजारी ठेवला. म्हणाले, “बेटा, चार बोटं पाण्याला दोन हात रुंद पाट काढशील का?” मी सांगितलं की पाणी वेगळं, हवा वेगळी, आणि माझी गणितं झालेली आहेत. त्यांनी वाद घातला नाही. माझंच बसवलं. नारायणगावापर्यंत गाडी अशी सुटली की आण्णांनी टोपी काढून मांडीखाली दाबून धरली. परत आल्यावर चाचांनी स्वतः चाक हातात घेतलं आणि मला म्हणाले, “आता तू पुढं चाल, वरातीसारखी. मी मागनं येतो.”

भर बाजारपेठेत मी एकटी वऱ्हाडीण निघाले. दहा पावलांवर मागे गाडीला उचकी लागली आणि ती मेली. पुन्हा सुरू, पुन्हा दहा पावलं, पुन्हा उचकी. चहाच्या टपरीवरून एकानं विचारलं, “ताई, नवरदेव मागं ऱ्हायला का पळाला?” पाचव्या उचकीला टपरी रिकामी होऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. मुंगीच्या चालीला इंजिन हवा ओढतं चिमूटभर. ती माझ्या रुंद नळ्यांतून रेंगाळत जाते आणि पेट्रोल वाटेतच भिंतींना बसतं. पाटाचं पाणी वाटेत जिरतं तसं. शेतकऱ्याची लेक मी, लहानपणी पिकाला पाणी देताना पाटाची दारं धरलेली, आणि एका मिस्त्रीनं मला पाट शिकवावा! मान खाली घालून मी तो लहानसा कार्बोरेटर आणि काळपट मॅनिफोल्ड त्यांच्या हातात दिला.

वरात वेशीपासून देवळापर्यंत दोन तास चालली. बँड थांबला की गाडी थांबे, बँड हलला की हले; इंजिन एकदाही खोकलं नाही. मांडवात आण्णा प्रत्येक पाहुण्याला सांगत सुटले, “निवड सगळी आमच्या बाईची.” शेजारीच चाचा मुकाट्यानं जेवत होते. त्यांचं ते मुकाट्यानं जेवणं मला सोसेना. मी पंगतीतच मोठ्यानं म्हणाले, “आण्णा, मी निवडलेला कार्बोरेटर फेल गेला. हा चाचांनी निवडलाय.”

वाढपी थबकले. आण्णांनी एकदा चाचांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि शेजारच्याला म्हणाले, “बघा पावणं, एवढी शिकली, पन पोरीला गर्व म्हून न्हाई.” चाचांना हसता हसता ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, “राहू दे बेटा. निवड तुझ्याकडंच राहू दे.”

आता चाचा नाहीत. नव्या इंजिनांत कार्बोरेटरही नाही. माझ्या ऑफिसातल्या पोरांनी तो चित्रातच पाहिलाय. गावात मात्र माझी ती निवड दरसाल थोडी थोडी वाढते. यंदा ऐकलं की तो कार्बोरेटर मी स्वतःच्या हातानं घडवला होता. मी दरवेळी खरं काय ते सांगते, आणि दरवेळी माझ्या विनयाची कीर्ती तेवढी वाढते. ते खरं मानणारी आम्ही दोनच माणसं होतो. त्यातली आता मी एकटी उरलेय, आणि या एका बाबतीत गावात माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही.