ताशी ऐंशीचा गुन्हा

दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये एका दुपारी कोर्टाची नोटीस आली. माझ्या नावावरच्या गाडीने रिंग रोडवर ताशी ऐंशीच्या वेगाने जाऊन कायदा मोडला होता. प्रत्यक्षात त्या दिवशी गाडी मुनिरक्याच्या गॅरेजमध्ये क्लच काढून पडली होती. हवालदाराने नंबर टिपताना एखादा आकडा चुकवला असणार. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे सरकारी कामात चालायचंच.

मेकॅनिकने पावती दिली नव्हती; त्याने ती आजवर कुणालाच दिली नव्हती. पण माझे यजमान मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, त्यांचं पावतीवाचून काय अडणार? त्याच संध्याकाळी ते कागदांना भोकं पाडायचा पंच आणि दोरीचे टॅग घेऊन फाईल बनवायला बसले. "तू ऐंशीने जाऊच शकत नाहीस, हाच आपला डिफेन्स," ते म्हणाले. मी चहा ठेवायला आत गेले.

त्याच महिन्यात मला फरीदाबादला नोकरी मिळत होती. देशाने नुकतीच दारं उघडली होती आणि तिथल्या एका नव्या परदेशी कारखान्याला पत्रव्यवहार सांभाळायला बाई हवी होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं. कंपनीची बस आमच्या बाजूला येत नव्हती, म्हणजे गाडी चालवत जाणं आलं. हे म्हणायचे, "हायवेवर ट्रक असतात. बघू." सरकारी माणसाचं 'बघू' निवृत्तीपर्यंत टिकतं.

फाईल मात्र भराभर पुढे सरकत होती. वरच्या मजल्यावरच्या पंजाबी अधिकाऱ्याने लेखी दिलं, की बहनजींची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गेलेली त्यांनी कधी ऐकली नाही. समोरच्या बाईंनी लिहिलं, की भाजीची हातगाडीसुद्धा माझ्या पुढे निघून जाते. या बाई आठवड्यातून दोनदा माझ्याच गाडीतून फुकट मार्केटला यायच्या. सगळ्या कागदांवर सही, शिक्का, तारीख. हे मोठ्या कौतुकाने मला एकेक कागद दाखवायचे. "बघ, किती लोक तुझ्या बाजूने आहेत." मला रडू यायचं, ते संतापाने.

सुनावणी शुक्रवारी होती. हे फाईल घेऊन पुढे, मी मागे. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी दोन-चार पानं चाळली. ह्यांनी हात जोडले. "जनाब, इनसे गाड़ी चलती ही कहाँ है. हाईवे पर तो मैं इन्हें जाने ही नहीं दूँगा."

साहेब हसले. कारकूनही हसला. म्हणजे 'बघू'चा निकाल घरात लागण्याआधी कोर्टात लागला होता. आता एक शिक्का बसला, की मला गाडी येत नाही हे सरकारदरबारी पांढऱ्यावर काळं होणार आणि फरीदाबादचं नाव काढायची सोय उरणार नाही.

"आपको कुछ कहना है?" साहेबांनी मला रीत म्हणून विचारलं.

"जी," मी म्हणाले. "अस्सी पर मैं ही थी."

"सोच लीजिए, मैडम. केस तो छूट रहा है."

"बिल्कुल सोच लिया."

यजमानांची फाईल साहेबांच्या टेबलावर तशीच राहिली. मी दंड भरला आणि पावती मागून घेतली. कोर्टात खोटं बोलल्याची लाज वाटायला हवी होती. वाटला तो आनंद, आणि तोही भरपूर.

गाडीचं दार उघडताना हे म्हणाले, "पण गाडी तर गॅरेजमध्ये होती ना?"

"त्या दिवशी होती," मी म्हणाले. "तुम्ही रोज ऑफिसात असता."

सोमवारी सकाळी मी फरीदाबादला निघाले. हे खाली आले, चारही टायर दाबून पाहिले आणि खिडकीशी वाकून म्हणाले, "हळू चालव हं." मी गाडी चालवायला लागल्यापासूनच्या तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना हे सांगावंसं वाटलं होतं.