चूलबंद आवतन

सखूआत्या माझ्या बापाची थोरली बहीण, टिकाराम न्हाव्याची बायको. नवरा गेला, तसं गावात लग्नाचं आवतन देत फिरायचं त्याचं काम तिनं स्वतःच्या अंगावर घेतलं. बाईमाणसानं दारोदार फिरायचं म्हणजे काय, म्हणून लोकांनी नाकं मुरडली. मुरडा म्हणावं! आत्यानं कोणाला विचारलंच नव्हतं.

आमच्याकडे नुसतं 'जेवायले येजो' म्हटलं, तर घरटी एक माणूस जातो. 'चूलबंद आवतन' म्हटलं, की पोरंबाळं, म्हातारेकोतारे, सगळं घर जातं आणि त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. एखादं घर राहिलं, तर जन्माचं वैर.

एकोणीसशे पन्नासनंतर आमचं गाव नव्या तलावाच्या पाण्याखाली गेलं आणि कारंज्याच्या रस्त्याकडे नवी वस्ती झाली. जागा चिठ्ठ्या टाकून वाटल्या, त्यामुळे भिंतीला भिंत लागून राहिलेले लोक कुठच्या कुठे गेले. पण आत्या आवतनाला निघाली, की जुन्याच क्रमानं फिरायची. या टोकाचं एक घर, मग त्या टोकाचं, मग पुन्हा मागे. लोक हसायचे.

"एवढी घरं ध्यानात कशी राहतात गं?" मी एकदा विचारलं.

"ध्यानात ठेवतच नाई मी. डोये मिटतो अन् जुन्या गावात जातो. देवळापासून निंघतो. दारात शेवगा दिसला का पुनाजी आठवते. फुटका रांजन दिसला का वच्छला. मंग विहीर. विहिरीपाशी भागीरथा. तिच्या ओट्यावरून वळलं का रुखमा."

जुनं गाव न पाहिलेल्या माणसालाही ती त्याच गावात जागा द्यायची. नवे मास्तर आले, तेव्हा त्यांच्याकडे पाणी पिऊन, बायकोपोरांची नावं विचारून त्यांना म्हणाली, "मास्तर, तुमाले मी चिंचेखाली ठेवलं."

मास्तर म्हणाले, "पण ती चिंच तर पाण्याखाली गेली ना?"

"तुमच्यासाठी गेली असन."

अशी ही बाई. आणि तिच्याशी गाठ पडली रूपरावची. रूपरावनं नव्या वस्तीत दोन घरांची जागा दाबली होती, आणि हे भागीरथानं भर सभेत तोंडावर सांगितलं होतं. एकटी विधवा बाई, पण जिभेला हाड नाही. रूपरावनं राग मनात धरला. पोरीचं लग्न निघालं, तेव्हा आत्याला बोलावून तो म्हणाला, "साऱ्या गावाले चूलबंद. फक्त भागीरथाले सोड."

गावजेवणातून घर वगळलं, की पुढे त्या घराला कोणीच बोलावत नाही. मग मेल्यावर खांदा द्यायलाही लोक मागेपुढे पाहतात.

आत्या म्हणाली, "एक घर सोडलं तर मले पुढचं आठवत नाई, भाऊ."

"ढोंगं नको करू. नाई जमत तं दुसरा माणूस पाहतो."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आत्या निघाली. देवळापासून सुरुवात, पुनाजी, वच्छला. आणि तिथून जी मागे फिरली, ती सरळ घरी येऊन तूर निवडत बसली.

"आत्या, खरंच आठवत नाही?"

तिनं सूप आपटलं. "काऊन नाई आठवत? सारं आठवते! पन थे गाव आता कुठं हाय, सांग? माह्या डोक्यातच हाय न? एवढं तलावाचं पानी आलं, तरी त्यातलं एक घर मी जाऊ देल्लं नाई. अन् या रूपरावसाठी मोडू? काम गेलं तं गेलं."

मला तिचा असा अभिमान वाटला, की रडूच आलं.

रूपरावनं संध्याकाळी आपला साळा हिरालाल धाडला. तो ऐटीत एकेका ओळीनं फिरला. काही घरं विसरला, काहींकडे दोनदा गेला, आणि 'चूलबंद' हा शब्द तर त्याच्या तोंडून निघालाच नाही. ज्यांच्याकडे तो गेला, ते म्हणाले, सखू आली नाही, म्हणजे आवतन मनापासूनचं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी रूपराव मांडवाबाहेर आला आणि बघतच राहिला. सगळ्या वस्तीवर धूर. घरोघरी चुली पेटलेल्या. इकडे मांडवात साऱ्या गावाचा स्वयंपाक चढलेला आणि व्याही दारात यायला निघालेले. तो तसाच, डोक्याला फेटा नसताना, आत्याच्या दारात आला.

"सखू, घोळ झाला. चाल लवकर."

"चालतो न. पन मी भागीरथाच्या दारापाशी अडकलो हावो. तिथूनच निंघा लागन. तुमी संग चाला."

तो दात-ओठ खात चालला. मागे मी. भागीरथा चुलीवर भात ठेवून बसली होती. रूपराव उंबऱ्याबाहेर उभा राहून पुटपुटला, "जेवायले येजो."

"असं नाई," आत्या म्हणाली. "पुरं म्हना."

लोक दारादारात येऊन उभे होते. रूपरावनं मान खाली घातली. "भागीरथाबाई, तुमच्या घरी चूलबंद आवतन हाय."

भागीरथानं त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं. मग भात खाली उतरवला, लोटा उचलला आणि चुलीवर पाणी ओतलं.

"हां, आता आठवलं," आत्या म्हणाली आणि वळली. "म्होरं रुखमाचं घर."