पाऊण तासाचं काम

निमगाव केतकीच्या मोहनरावांच्या घरात देव्हाऱ्यातल्या देवांखेरीज आणखी एक देव होता. तो फडताळात पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला असे. दर खंडेनवमीला त्याला बाहेर काढायचं, विळा, खुरपं आणि फवारणीच्या पंपाशेजारी बसवायचं, वरून हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि दसरा उलटला की पुन्हा फडताळात. हा देव म्हणजे त्यांच्या लेकीचा, प्रगतीचा लॅपटॉप. पाच वर्षं बंद पडलेला.

यंदा प्रगती नवरात्राला सणसरहून माहेरी आलेली. तिची तीन वर्षांची छकुली पूजेपुढं उकिडवी बसली आणि बोट दाखवून म्हणाली, "आई, ह्यो कुठला देव?"

"हाय एक," प्रगती हसत म्हणाली. "त्याला फकस्त कुंकू लावायचं. हात लावायचा न्हाय, चालू करायचा न्हाय."

सिंधुबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. मोहनराव ताम्हनातलं पाणी विनाकारण इकडून तिकडं करत बसले. पोरगी हसत बोलली होती हो, पण बोलायचं ते बोलून गेली.

गोष्ट दोन हजार वीसची. प्रगती बारामतीला कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला. तिच्याच वर्गात गावातल्या ओढ्यापलीकडच्या गंगारामची मेघना. दोघी सकाळच्या एसटीनं जायच्या, कायम एकोणतीस आणि तीस नंबरच्या सीटवर. मामानं दिलेला जुना लॅपटॉप प्रगतीनं दोन वर्षं कसाबसा ओढला. कोरोनात कॉलेज बंद झालं, सगळं घरून सुरू झालं आणि नेमका त्याच श्रावणात त्यानं राम म्हटला. पडद्यावर गोल फिरत राहायचं, पुढं काही नाही. लेक्चर बापाच्या मोबाईलवर ऐकता यायचं, पण प्रॅक्टिकल त्यावर होत नव्हतं.

"आबा, मेघनाचा लॅपटॉप माझ्याहून जुना हाय," प्रगती म्हणाली होती. "तिनं त्यातलं विंडोज काढून लिनक्स टाकलं अन् पळतोय की! फुकट मिळतंय ते. पेनड्राईव्हवरनं चढवायचं, पाऊण तासाचं काम. जाऊन येते तिच्याकडं."

"फुकटात उपदेशाबिगर कुणी कुणाला काय दिलंय का? अन् रोगराईत कुणाच्या घरी जायाचं न्हाय."

वा रे रोगराई! त्याच आठवड्यात मोहनराव विड्याच्या पानांच्या बाजारात दहा जणांत मांडीला मांडी लावून बसले होते. खरं कारण निराळं होतं. चारचौघांत "आमी काय जातपात मानत न्हाय" असं छाती फुगवून सांगणारा हा माणूस. पण आपली पोर ओढा ओलांडून बौद्ध वस्तीत तासभर बसणार म्हटल्यावर त्याच्या कपाळाला आठी पडली. कोरोनानं आयतं निमित्त दिलं, एवढंच. आणि हे त्यांना तेव्हाही ठाऊक होतं.

"मेघनाला फोन केलावता. ती काय तरी पाठवून देती म्हणली," प्रगतीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

चार दिवसांनी गंगारामच दारात आला. एसटी डेपोतला मेकॅनिक, तोंडाला रुमाल बांधलेला. तो ओट्याखाली उन्हात उभा राहिला.

"मोहनराव, पोरीनं हे प्रगतीसाठी दिलंय. आत समदं भरलंय म्हणली. पुढचं ती फोनवर सांगंल."

लाल पेनड्राईव्ह होता, त्याला निळा दोरा बांधलेला. गंगारामनं तो ओट्याच्या कडेला ठेवला आणि क्षणभर थांबला. उन्हातनं आलेला माणूस. दुसरा कुणीही असता तर मोहनरावांनी आत हाक मारून तांब्या आणायला सांगितलं असतं. ते "बघतो" म्हणाले. गंगाराम निघून गेला.

मायलेकी तेव्हा पानमळ्यात होत्या. मोहनरावांनी पेनड्राईव्ह कागदात धरून उचलला आणि औषधाच्या रिकाम्या डबीत टाकला. उद्या देऊ, असं स्वतःला सांगितलं. मेघनाचा दोनदा फोन आला तो त्यांच्याच खिशात वाजला. "ती कामात हाय" म्हणून त्यांनी ठेवून दिला. प्रगतीनं विचारलं, "आबा, मेघनाकडनं काय आलं का?"

"न्हाय बा."

एवढंच बोलले. प्रगतीतही बापाचाच पीळ. जी पाठवते म्हणाली आणि विसरली तिच्याकडं पुन्हा काय मागायचं, म्हणून तिनं मेघनाला फोन केला नाही. पलीकडं मेघनालाही वाटलं असणार, हिला नको तर नको. मार्गशीर्षात सणसरचं स्थळ आलं आणि पन्नास माणसांत लग्न उरकलं. परीक्षा राहिली ती राहिलीच. दुसऱ्या लाटेत गंगाराम गेला. तेव्हा कुणीच कुणाच्या दारात जात नव्हतं, तसे मोहनरावही गेले नाहीत. पुन्हा आयतं निमित्त.

तर यंदा दसरा झाला, प्रगती सासरी गेली आणि मोहनराव लॅपटॉप पिशवीत घालून बारामतीच्या गाडीत बसले. डबीतला पेनड्राईव्हही खिशात होता. लेकीसाठी एवढं तरी करायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. स्टँडमागं मेघनाचं दुरुस्तीचं दुकान आहे, हे सगळ्या गावाला माहीत होतं. दुसरी दुकानंही होती. पण पाय तिकडंच वळले, कारण पेनड्राईव्ह खिशात टोचत होता.

"बसा, आबा," मेघना म्हणाली. तिनं ओळखलं, पण आश्चर्य काही दाखवलं नाही. तिनं लॅपटॉपचं फडकं सोडलं, तो बटणांच्या फटीफटीत कुंकू. तिला हसू आलं. "पूजा लईच जोरात झालीया की." मग ती ब्रशनं एकेक फट साफ करायला लागली.

मोहनरावांनी पेनड्राईव्ह पुढं केला. "ह्यो लागंल का कामाला?"

मेघनानं तो हातात घेतला आणि निळा दोरा बोटावर फिरवला.

"हा तर माझा. पप्पांनी आणून दिला होता."

"व्हय."

"मला वाटलं, प्रगतीला नको असंल."

मोहनरावांना वाटलं, आता पोर चार शब्द सुनावील, आणि सुनावावेतच. पण तिनं मान खाली घातली आणि काम सुरू केलं. आधी लॅपटॉपमधल्या प्रगतीच्या जुन्या फायली, नोट्स बाजूला काढून ठेवल्या. मग त्याच पेनड्राईव्हवर आताचं नवं लिनक्स भरलं आणि तो लॅपटॉपला लावला.

"मशीन मेलेलं न्हवतंच, आबा. आतली सिस्टीम त्याला झेपत न्हवती. आता हलकी घातली."

मोहनराव पानमळ्यातला माणूस. वेल थकली की ती उतरवतात, वेटोळं करून बुंध्याशी मातीत दाबतात, आणि त्याच मुळावर नवा शेंडा फुटतो. हे दर वर्षी स्वतःच्या हातानं करणाऱ्याला पाच वर्षं हे सुचू नये? त्यांना स्वतःचीच चीड आली.

मेघनानं चहा मागवला. कप हातात आला तसा ओट्याखाली उन्हात उभा असलेला गंगाराम त्यांच्या डोळ्यांपुढं आला. तो चहा त्यांनी कसा संपवला ते त्यांचं त्यांना ठाऊक. भिंतीवरच्या घड्याळात त्यांनी काम सुरू होताना अकरा वाजून दहा मिनिटं पाहिली होती. लॅपटॉप चालू झाला तेव्हा बाराला पाच कमी होती.

"पासवर्ड एसटीतल्या सीटांचा ठेवलाय," ती म्हणाली. "प्रगतीला ठाऊक हाय." पैसे विचारले तर म्हणाली, "हे मला फुकट मिळालं, आबा. फुकटच द्यायचं असतंय." पेनड्राईव्हही तिनं परत त्यांच्या हातात ठेवला. "तिलाच पाठवलावता, तिलाच द्या."

त्याच दुपारी मोहनराव सणसरला पोचले. प्रगतीनं पिशवी उघडली, लॅपटॉप चालू केला आणि पडदा उजळल्यावर लहान पोरीसारखी ओरडली, "अय्या, आबा! चालू झाला!"

"पासवर्ड एसटीतल्या सीटांचा हाय म्हणली."

प्रगतीची बोटं थांबली. "कोण म्हणली? मेघना?"

"व्हय. तिनंच केला."

प्रगतीनं आकडे टाकले. कॉलेजच्या जुन्या नोट्स समोर आल्या. ती म्हणाली, "तवा पाठवते म्हणून काय पाठवलं न्हाय, अन् आता करून दिला. कमालच हाय बाई."

इथं गप्प बसता आलं असतं. बापाची अब्रू राहिली असती, लेकीचा आनंदही राहिला असता. मोहनरावांनी तसा विचारही केला, खोटं बोलायचं नाही, नुसतं सांगायचं नाही. पण "न्हाय बा" हे दोन शब्द पाच वर्षं त्यांची पाठ सोडत नव्हते. त्यांनी खिशातून पेनड्राईव्ह काढून टेबलावर ठेवला.

"पाठवला हुता, पोरी. गंगाराम सोता घिऊन आलावता. मी ठिवून घेतला."

प्रगतीला आधी कळलंच नाही. मग तिनं निळा दोरा पाहिला. कॉलेजात मेघनाच्या पेनड्राईव्हला तो कायम असायचा.

"का, आबा?"

त्यांना रोगराई म्हणता आलं असतं. "त्यांच्या वस्तीशी तुझं जाणंयेणं नको हुतं," ते म्हणाले. "म्या गंगारामला पाणीबी विचारलं न्हाय. चुकलं माझं."

प्रगती रागावली नाही. रागावली असती तर मोहनरावांना बरं वाटलं असतं. छकुली मांडीवर चढून बटणं दाबायला लागली, तरी प्रगतीनं तिला अडवलं नाही.

"शिकायचं राहिलं, त्याचं मी कवाच सोडून दिलं, आबा," ती म्हणाली. "पण मेघनाचे वडील गेले तवा आईनं मला सांगितलंवतं. मी तिला फोन केला न्हाय. म्हणलं, तिला माझी पडली न्हवती, मला तिची कशाला पडंल?"

मग तिनं मोबाईल पुढं केला. "नंबर हाय का तिचा? माझ्याकडं आता ऱ्हायला न्हाय."

मोहनरावांकडं नंबर नव्हता. दुकानात पाऊण तास बसून त्यांनी तो विचारलाच नव्हता.