शुक्रवारची पुडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. तुला सांगते, कारण तू मला ओळखत नाहीस — आणि कुणाला तरी सांगून टाकायचंच आहे.

इथे परदेशात, क्लेमेंटीला मुलाकडे राहायला आले, तेव्हा दिवसभर घरात मी एकटी. मुलगा-सून ऑफिसात, नात सानिका कॉलेजात. दुपारी मी खाली बाकावर जाऊन बसायचे. तिथे रोकियाबाई भेटली. मलय बाई, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच नवरा गेलेली. समोरच्या बिल्डिंगीत सरकार गरिबांना एकेक खोली भाड्याने देतं, तिथे राहायची. सकाळी ऑफिसं झाडायची. हिंदी सिनेमे बघून तिला थोडं हिंदी यायचं, मला त्याहून थोडं. मला दीदी म्हणायची. बोलायचो काय? गुडघे, सुना, आणखी काय! एकदा तिने सिनेमातल्या रडणाऱ्या आईची नक्कल केली — मी बाकावरून पडायचीच राहिले. नवरा गेल्यापासून इतकी हसले नव्हते.

दर शुक्रवारी ती माझ्यासाठी पुडी आणायची. केळीच्या पानात बांधलेली, अजून कोमट. "दीदी, घर जाके खाना." मी दोन्ही हातांनी घ्यायचे आणि वर यायचे. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत कचऱ्याची झडप आहे, तिथून टाकलं की थेट तळाला. मी झडप उघडायचे आणि —

एकही पुडी मी सोडून पाहिली नाही.

मांसमच्छी असेल म्हणून? तसं मनाला सांगायचे. पण विचारायला काय झालं होतं? तेवढं हिंदी मला येत होतं. खरं म्हणजे तिच्या हातचं नको होतं. मुसलमानाच्या हातचं. शेजारी बसलेली चालायची, हात हातात घेतलेला चालायचा. भेटल्यावर ती विचारायची, "कैसा था?" मी म्हणायचे, "बहुत अच्छा."

मग सानिकाच्या वर्गाची सहल निघाली — शहरातली गरिबी बघायची आणि वेगवेगळ्या वंशाचे लोक शेजारी कसे राहतात ते शिकायचं. सानिकाने शिक्षिकेला आमच्या दोघींचं नाव सांगितलं. मला म्हणाली, इथल्या लोकांसारखं वाक्याच्या शेवटी 'लाह' लावत, "आजी, तू यायचंच लाह! तू आणि रोकिया आंटी म्हणजे माझं अख्खं प्रोजेक्ट."

रोकियाबाईच्या घरात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाऊल टाकलं. गादी गुंडाळून भिंतीला लावलेली, मुलं जमिनीवर दाटीवाटीने. तिने नवा स्कार्फ बांधला होता. एका मुलीने बिचकत विचारलं, पैसे पुरत नाहीत तेव्हा काय करता? रोकियाबाई हसली. "नॉट सो पुअर लाह. आय गॉट फ्रेंड. एव्हरी फ्रायडे शी ईट माय फूड." आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

चष्मेवाल्या मुलाने मला विचारलं, यांच्या हातचं कसं लागतं? सानिकाने मराठीत सांगितलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "छान तिखट असतं. भाताशी खाते मी." सानिकाने ते इंग्रजीत सांगितलं.

गुडघ्यावरचा हात तसाच राहिला, पण त्यातला जीव गेला. मला कळलं नाही, काय चुकलं. तेवढ्यात ताट फिरलं, मुलांनी पुड्या सोडल्या. आत पांढरं मऊ पीठ, आणि पोटात ओलं खोबरं, काळा गूळ. आपल्या मोदकातलं सारणच म्हण ना.

"आंटी, बट दिस वन स्वीट लाह," एक मुलगी म्हणाली.

रोकियाबाईने माझ्याकडे पाहिलंही नाही. "फॉर हर आय मेक सेपरेट. पुट चिली. ओल्ड लेडी, लाइक दॅट वन."

सगळी हसली. मीसुद्धा हसले. शिक्षिकेने आमचा दोघींचा फोटो काढला. ताट सगळ्यांपुढून गेलं, माझ्यापुढे आलं नाही.

सानिकाला प्रोजेक्टला चांगले मार्क पडले.

पुढच्या शुक्रवारी रोकियाबाई बाकावर आली. दीदी म्हणाली, गुडघ्यांचं बोलली. हात रिकामे. नक्कल नाही, काही नाही. एका शब्दाने तिने मला विचारलं नाही. मीही बोलले नाही. तिला वाटलं असेल, ही आज तरी खरं बोलेल — की नसेलच वाटलं? पावसाळी दिवस संपता संपता ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, टॅम्पिनीसला लेकीकडे राहायला गेली. जाताना माझा हात धरला, मग सोडला.

तिची आठवण येते. नुसती आठवण नाही, दुपारी अंगात कळ यावी तशी येते. टॅम्पिनीसला इथून सरळ एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो जाते, गाडी बदलावी लागत नाही. गेले तर ती दार उघडेल, दीदी म्हणेल. माझ्यापुढे काहीतरी खायला ठेवेल — किंवा ठेवणार नाही. दोन्हींतलं कुठलं मला सोसणार नाही, हे मला ठरवता येत नाही. मी गेलेली नाही.