पुन्हाबाईंची उजळणी

“एकाचं चुकलं असतं तर मी मुलाला दोष दिला असता. सगळ्यांचं चुकलंय, आई. तोच प्रश्न, तेच उत्तर!” सुनेने सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका टेबलावर आपटली.

“मग उत्तरसूची चुकली असेल,” सासूबाई म्हणाल्या. “छापणाऱ्यांचे हात चालतात, डोकं घरी ठेवून येतात मेले.”

“उत्तरसूची बरोबर आहे. मी पुस्तक उघडून बघितलं.”

“तू? विम्याच्या कचेरीत बसून तू मला जीवशास्त्र शिकवणार?”

“मी कोण शिकवणार? पुस्तक सांगतंय.”

“अगं, जरा हळू,” सासूबाईंचा मुलगा खुर्चीतून म्हणाला. तो आपल्या चष्म्याच्या दुकानातून नुकताच आला होता. एक बूट पायात, एक हातात. “खाली ऐकू जातं.”

“खालूनच तर आलंय हे! शिंपीणबाई सकाळी कागद घेऊन दारात उभी. म्हणाली, बाईंना विचारा, माझ्या मुलाने त्यांनी वहीत लिहून दिलेलंच लिहिलं होतं. काय सांगू मी तिला? महिन्यावर परीक्षा आली.”

सासूबाईंनी प्रश्नपत्रिकेकडे बघितलंच नाही. त्यांनी डस्टर उचललं आणि आधीच पुसलेला फळा पुन्हा पुसायला घेतला.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाहेरची खोली त्यांच्या वर्गाची होती. सोफा काढून सतरंजी घातली, भिंतीला फळा ठोकला. विज्ञानाच्या प्रवेश परीक्षेला बसणारी आसपासची मुलं संध्याकाळी यायची आणि बाई त्यांच्याकडून जीवशास्त्र घोटून घ्यायच्या. पेशी, ऊती, पचन, अभिसरण, आनुवंशिकता. नवीन काही शिकवायचं नाही, असलेलं पक्कं करायचं. बोलावून उभं करायचं, विचारायचं, बरोबर आलं तरी म्हणायचं, “पुन्हा!” त्यावरून मुलांनी त्यांचं नाव पुन्हाबाई ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. मनातून आवडतही होतं. “एकदा आलेलं पाहुण्यासारखं असतं,” त्या म्हणायच्या, “बसेल की जाईल सांगता येत नाही. तीनदा आलं की घरचं.”

या पावसाळ्यानंतर हे ‘पुन्हा’ जरा जास्त होऊ लागलं होतं. पेशीपटल एका आठवड्यात संपायचं, ते दोन आठवडे चाललं. पचनसंस्था झाली, आणि दोन दिवसांनी बाईंनी तिचंच चित्र नव्याने काढलं. कुणाला काही वाटलं नाही. उलट मुलांच्या आया खूश होत्या. बाई किती घोटून घेतात बघा, असं एकमेकींना सांगत होत्या. ज्या घरात ‘पुन्हा’ हाच शब्द दिवसभर घुमतो, तिथे एखादी गोष्ट नको इतक्यांदा होते आहे हे कुणी ओळखावं?

सुनेला शंका होती, पण ती स्वयंपाकघरातली. करपलेलं दुधाचं पातेलं ओट्याखाली पालथं ठेवलेलं तिला सापडलं होतं. तिने ते घासून जागेवर लावलं आणि बोलली नाही. दुसरं सापडलं तेव्हाही बोलली नाही. आता मात्र कागद हातात आला होता.

“प्रश्न तरी काय आहे?” मुलाने विचारलं. त्याला हे भांडण लवकर संपवून चहा हवा होता.

“ऑक्सिजन कमी असलेलं रक्त हृदयातून फुप्फुसाकडे कोणती रक्तवाहिनी नेते. सगळ्यांनी लिहिलंय फुप्फुस शिरा.”

मुलगा हसला. मोकळं, घर हलकं करणारं हसू. “हात्तिच्या! हे तर मलाही येतं. फुप्फुस धमनी. जीवशास्त्रात मी आपटलो, पण हे मरेपर्यंत विसरणार नाही. जावयाचा विनोद गं! आई, या मुलांना तो सांगितला नाहीस वाटतं?”

“कुठला विनोद?” बाईंनी विचारलं.

“जावयाचा.”

“कुठल्या जावयाचा? मला मुलगी आहे कुठे?”

मुलाच्या हातातला बूट तसाच राहिला. हा विनोद त्याने लहानपणी दाराआडून ऐकला होता, मग वर्गात बसून ऐकला, मग लग्नात आईच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्याच्याच मांडवात ओरडून सांगितला. तो हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसा बोलू लागला. “प्रत्येक घरात एक उलट्या डोक्याचा जावई असतो. धमन्यांच्या घरात तो फुप्फुस धमनी. नाव धमनीचं, काम शिरेचं. आणि बायकोही त्याला तशीच मिळाली…”

तो थांबला. पुढचे दोन शब्द आईने म्हणायचे होते. ती नेहमी म्हणायची, आणि मग सगळा वर्ग फुटायचा.

बाई त्याच्याकडे सभ्य हसत बघत होत्या, परक्याच्या घरी न कळलेल्या गमतीला हसतात तसं.

“फुप्फुस शिरा,” आतल्या दारातून आवाज आला. नात उभी होती. हातात भौतिकशास्त्राचं पुस्तक, बोट पानात.

सुनेने वळून लेकीकडे बघितलं. लेकीच्या पेपरात हे उत्तर बरोबर होतं, ते तिला आत्ता आठवलं. “तूही याच वर्गात बसतेस. तुझं एकटीचं कसं बरोबर आलं गं?”

“मी पुस्तकात बघितलं होतं.”

“कधी?”

“आजी शिकवते ते मी रोजच बघते.”

“रोज? कशाला?”

मुलीने आजीकडे न बघता सांगून टाकलं. वर्ग सुटला की ती मुलांना पोचवायला जिन्यापर्यंत जायची. तिथे कठड्याला टेकून सांगायची, आजी आज अमुक म्हणाली ना, ते असं लिहून घ्या. मुलं घ्यायची लिहून. बाईंची नात, तिला कळत असणार. “अभिसरण झालं त्या दिवशी मी दातांच्या डॉक्टरकडे गेले होते,” ती म्हणाली. “म्हणून तेवढा एकच प्रश्न राहिला.”

म्हणजे बाकीचे प्रश्न बाईंमुळे बरोबर आलेच नव्हते.

“कधीपासून चाललंय हे?” सुनेचा आवाज आता भांडणाचा नव्हता.

“बरेच दिवस.”

“म्हणून भौतिकचे गुण घसरले. आणि मी तुला आळशी म्हणत होते. घरात सांगायचं तरी!”

“सांगितलं असतं तर तुम्ही वर्ग बंद केला असता. मग आजी दिवसभर काय करणार होती?”

“पोरीचं तोंड बघा,” मुलगा पुटपुटला. “वय झालं की होतं असं थोडंफार. मीही चष्मा कपाळावर ठेवून शोधतो…” तो एकटाच हसला आणि ते हसू खोलीत कुणी उचललं नाही.

बाई फळ्यापाशीच होत्या. त्यांनी खडू घेतला आणि हृदय काढलं. एका रेषेत, हात न उचलता, शाळेत काढायच्या तसं. चार कप्पे, झडपा, बाण. सून श्वास रोखून बघत राहिली. चित्र बिनचूक होतं. मुलाचे खांदे सैल झाले. “बघ,” तो बायकोला म्हणाला.

मग नावं लिहायची वेळ आली. डाव्या निलयापाशी खडू टेकला, उठला, पुन्हा टेकला. फळ्यावर एक पांढरा ठिपका मोठा होत गेला.

“विचार मला,” त्या नातीला म्हणाल्या.

“आजी, राहू दे.”

“विचार म्हणते ना.”

“उजव्या निलयातून फुप्फुसाकडे जाते ती कोणती?”

बाईंनी मुलाकडे बघितलं. आत्ताच त्याने काहीतरी सांगितलं होतं. एका जावयाचं. कुणाचा तरी जावई, उलट्या डोक्याचा. पुढे काय होतं?

“पुन्हा विचार,” त्या म्हणाल्या.

नातीने पुन्हा विचारलं. खाली शिंपीणबाईचं यंत्र चालू झालं, थांबलं, चालू झालं.

मुलीने तिसऱ्यांदा विचारलं नाही. ती रडत होती आणि पुस्तकातलं बोट तसंच होतं.

बाईंनी खडू खाचेत ठेवला, हात पदराला पुसले आणि सतरंजीची घडी घालायला घेतली. सून मदतीला वाकली तर तिला हातानेच दूर केलं. घडी कोपऱ्यात उभी करून त्या सगळ्यांकडे वळल्या. आवाज हजेरी घेतानाचा होता.

“उद्यापासून वर्ग बंद. बाळा, शाळेत माझ्या जागी आलेल्या बाईंना तू आत्ता फोन लाव, मुलं त्यांच्याकडे जातील. ही जिन्यात जाणार नाही. दार लावून आपला अभ्यास करील आणि माझ्यासाठी कुणी ते दार उघडायचं नाही. उद्या संध्याकाळी मुलं आली की हे मी स्वतः सांगणार आहे.” त्यांनी सुनेकडे बघितलं. “आणि मी शिकवायला बसलेच, तर सूनबाई, तू मला उठव.”